दुरडीतला खडा

आमच्या बाई भित्र्या होत्या. उगाच गोड शब्द कशाला शोधू? पाल दिसली की खुर्चीवर चढायच्या, समोरून बैल आला की रस्ता सोडून काट्यात शिरायच्या, आणि मागून कुणी नुसती हाक मारली तरी छातीवर हात ठेवून "अगं माय, कोण गं?" म्हणायच्या. माझी आत्या हसायची. "ही मास्तरीण पोरास्नी काय शिकविणार? हिलाच कुणीतरी बोटाला धरून शाळंत सोडावं लागतंय." आत्याच्या घराला लागूनच्या खोलीत बाई एकट्या राहत. त्यामुळे त्यांची प्रत्येक भीती आधी आत्याला कळे आणि मग गावाला.

तरी हीच बाई पहिली-दुसरीच्या पोरांना सांगायची, "गणिताला भ्यायचं न्हाई बरं का. भ्यायला बाकीचं लई हाय." सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज कापत असे, आणि म्हणूनच आम्हाला ते खरं वाटे. धीट माणसानं सांगितलं असतं तर कोण ऐकतंय!

धारूरच्या डोंगराखालचं आमचं गाव. त्या वर्षी, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, सगळ्या वस्तूंच्या जागाच बदलून गेल्या होत्या. सरकारी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, ठेवायला शाळेची इमारत घेतली आणि शाळा ठेवायला सोसायटीचं गोदाम दिलं. सोसायटीकडे तरी गोदामात ठेवायला काय उरलं होतं? रिकामी पोती, उंदीर आणि जुन्या खताचा वास. मधे पोत्यांची थप्पी लावून दोन वर्ग केले. पलीकडे मोठे गुरुजी तिसरी-चौथी घ्यायचे, अलीकडे बाई आम्हाला. गुरुजींच्या बाजूला निंबाची फोक होती आणि बाईंच्या बाजूला चिंचोके.

गोदामाच्या मागे हाकेच्या अंतरावर सोसायटीची विहीर खणत होते. वरचा मुरूम संपून खाली काळा पाषाण लागला होता. पाणी लागलं की दोन्ही आळ्यांना सारखं देऊ, असं चेअरमन सांगायचे. बुद्धवाड्यातली आमची माणसं ते ऐकून घ्यायची आणि घमेली उचलायची. माझी आई-बाबा दोघंही त्या कामावर होती. पाषाण फोडायला सुरुंग लावत, आणि ते काम इमामचाचांकडे. दुपारच्या सुट्टीत त्यांची लांब शिट्टी वाजायची आणि मागोमाग आरोळी, "बार हायेऽऽ, बार! अंदर हो जाव रेऽऽ!" कामावरची माणसं नाल्याकडे पळत, आम्ही गोदामात पळत असू. मग चाचा विहिरीच्या काठावरून गोदामाच्या दाराकडे बघत उभे राहायचे. मोठे गुरुजी आमची डोकी मोजायचे आणि दारात येऊन उजवा हात वर करायचे. तो हात दिसला की चाचा वातीला काडी लावून धूम ठोकत. "एक बार बत्ती लगी," ते म्हणायचे, "तो फिर हम बी न्हाई रोक सकते."

मग काही क्षण अशी शांतता पसरायची की पोत्यातले उंदीरसुद्धा गप्प. त्यानंतर पायाखालची जमीन हलायची आणि पत्र्यावर दगड पडायचे. कधी बारीक, कधी नारळाएवढे. आम्ही रडत असू, एकमेकींना घट्ट धरत असू. बाई मात्र त्या वेळी रडत नसत. त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. एकदा मी त्यांच्या पदराला धरून उभी होते तेव्हा ऐकलं. त्या म्हणत होत्या, "सगळी आत हायत. सगळी आत हायत."

बाईंचं गणित एकी-बेकीपासून सुरू झालं. मुठीत चिंचोके घ्यायचे, समोरच्याला विचारायचं, "एकी का बेकी?" मग मूठ उघडून दोन-दोनाच्या जोड्या लावायच्या. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर बेकी, एक उरला तर एकी. खेळ तर आम्ही घरीही खेळत असू, पण बाईंचं त्यात एक खूळ होतं. उरलेला चिंचोका त्या चिमटीत धरून वर उचलायच्या आणि विचारायच्या, "उरलं कोण?" कुणी पटकन "एक, बाई!" म्हटलं की मान हलवायच्या. "उरले किती, ते मागून. उरलं कोण, ते आधी." चिंचोक्याला कधी नाव असतं का? आम्ही फिदीफिदी हसत असू आणि काहीही नावं ठेवत असू.

पण चिंचोके टिकेनात. रोज थोडे कमी भरायला लागले. बाईंना आधी उंदरांचा संशय आला, मग एक दिवस शांतीच्या तोंडाला भाजक्या चिंचोक्याचा वास आला. शांती माझी जोडीदारीण, आणि खरं सांगायचं तर माझ्याही गालात एक होताच. चिंचोका भाजून चघळला की दुपार निघते, हे त्या वर्षी गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. आमची बेरीज आम्हीच खाऊन टाकली होती. आता बोलणी बसणार म्हणून आमची त त प प झाली, तर बाईच तोंड फिरवून डोळे पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला कोरड्या नदीत घेऊन गेल्या. "आता खडे घ्यावं. खडे कुणी खात न्हाई."

दशक शिकवायला त्यांनी कडब्याचे तुकडे आणले होते. दहा जमले की सुतळीनं बांधायचे आणि पेंडी शेजारच्या चौकोनात नेऊन ठेवायची. कडबा त्या वर्षी सोन्याच्या मोलाचा, म्हणून संध्याकाळी तो परत जिकडचा तिकडे द्यायचा असा करार होता. एकदा आत्याची शेळी आत शिरली आणि तिनं सरळ एका पेंडीला तोंड घातलं. बाई खुर्चीवर उभ्या राहून "हुश्श, अगं हुश्श, जा की गं माय" करत राहिल्या, खाली काही उतरल्या नाहीत. शेळी सावकाश चघळून गेली. मग बाईंनी वरूनच विचारलं, "आता सांगा, शेळीनं काय खाल्लं? एक का दहा?" आम्ही गोदाम दणाणून सोडलं, "दहाऽऽ!" दशक म्हणजे काय ते मला त्या शेळीनं शिकवलं. पुढे कितीतरी लोकांनी वहीवर शिकवलं, पण शेळीची सर कुणाला आली नाही.

आणि खड्यांचं म्हणाल तर, तो नुसता खेळ नव्हता. नदीत बाईंनी प्रत्येकाला एक खडा निवडायला लावला. "तुमचा तुम्ही निवडा. दुसऱ्याचा घ्यायचा न्हाई, आपला हरवायचा न्हाई." माझा तांबूस होता, एका अंगानं चपटा. शांतीचा लांबट, वांग्यासारखा. बाईंनी स्वतःसाठीही एक घेतला, काळा, मधून पांढरी शीर गेलेला. हे सगळे खडे दाराजवळच्या दुरडीत असत. आत येताना आपला खडा उचलायचा आणि जागेवर न्यायचा, बाहेर जाताना परत दुरडीत टाकायचा. जो मुळात शाळेला आलाच नाही त्याचा खडा बाई सकाळीच करवंटीत काढून ठेवत. म्हणजे सगळे आत आले की दुरडी रिकामी झालीच पाहिजे. ज्याला धड वीसपर्यंत मोजता येत नव्हतं त्यालाही दुरडीत डोकावून कळायचं की कुणीतरी बाहेर आहे. कुठल्या आळीतला खडा कुठला, हे मात्र दुरडीकडे बघून कुणाला सांगता आलं नसतं. बाईंचा नियम एकच होता, "खडा उरला, तर कुणी बसायचं न्हाई. आधी बघून यायचं."

मोठे गुरुजी या प्रकाराला वैतागत. "बाई, ही काय शेळ्या राखायची विद्या हाय का? पोरं मोजायची तर डोकी मोजावी माणसानं. पटाशी ताडा, झालं." गुरुजी माणूस वाईट नव्हते, पण आवाज असा की समोरच्याची बोबडी वळावी. बाईंची तर वळायचीच. त्या जमिनीकडे बघत म्हणत, "तुम्ही मोजा की, गुरुजी. मी आपली जुळविते."

त्या मोजत का नव्हत्या, हे मला एकदा आत्याच्या ओट्यावर कळलं. आत्या मिलो निवडत होती, बाई तिला निवडू लागत होत्या आणि मी आत्याच्या मांडीवर डोकं टाकून पडले होते. बाईंच्या लहानपणी त्यांच्याकडची माणसं कपिलधारच्या जत्रेला बैलगाडीनं गेली होती. परत निघताना गर्दी झाली. बाईंच्या वडिलांनी गाडीतल्या पोरांची डोकी मोजली, बरोबर भरली आणि गाडी निघाली. निम्म्या वाटेत एक पोरगं आईसाठी रडायला लागलं. बघतात तर ते दुसऱ्याच गावचं, झोपेच्या भरात चुकीच्या गाडीत चढलेलं. बाईंचा धाकटा भाऊ तिकडेच राहिला होता.

"आकडा बरोबर आलता, आक्का," बाई म्हणाल्या. "पोरगं चुकलं."

"मग? घावला का न्हाई?" आत्यानं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी घावला," एवढंच बोलून बाई सुपावर वाकल्या.  आत्यानं माझ्या केसांत हात घातला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. त्या दिवसापासून शिट्टी वाजली की मला भीती नुसत्या सुरुंगाची राहिली नाही. आजही नातवंडांना घेऊन एसटीत चढले की मी मोजत नाही, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून नाव घेते. पोरं चिडतात. चिडू देत.

पुढे तपासणीचे साहेब येणार असं कळलं. गुरुजींनी आम्हा दुसरीवाल्यांना थप्पीपलीकडे बोलावून नवाचा पाढा म्हणायला लावला. बाईंपुढे मी कडब्याच्या पेंड्या मांडून नवाचं काहीही सांगत असे. पेंडीतून एक काडी काढली की नऊ, असं सगळं मला दिसायचं. पण गुरुजींच्या फोकेपुढे कसल्या पेंड्या आणि कसल्या काड्या! मी "नऊ एके नऊ" वरच अडकले. गुरुजी म्हणाले, "कमळे, साह्यबापुढं अशी थुंकी गिळत बसलीस तर पाठ सोलून काढीन." ते रागाच्या भरात म्हणाले असतील. मी मात्र ते घरी नेलं आणि रात्रभर उराशी धरलं.

साहेबांच्या दिवशी दुपारची सुट्टी झाली. दारात सुकडीचं गोड पीठ वाटलं. मी माझा तांबूस खडा दुरडीत टाकला आणि बाहेर गेले. सुकडी माझ्या हातातच राहिली. तेवढ्यात चाचांची शिट्टी वाजली, "बार हायेऽऽ!" पोरं गोदामाकडे पळाली. मीही पळाले, आणि अर्ध्या वाटेत मला दाराशी साहेबांची जीप दिसली. साहेब उतरत होते आणि गुरुजी हात जोडून पुढं झाले होते. माझे पाय जे थांबले ते थांबलेच. मग ते आपोआप मागे वळले, आणि विहिरीतून काढलेल्या दगडांचा जो ढीग होता त्याच्या आड मी जाऊन बसले. सुरुंगाची भीती नव्हती का? होती की! माझी पाचावर धारण बसली होती. पण सुरुंग उडून जातो, गुरुजी उद्याही असणार होते.

आत काय झालं ते मला शांतीनं मागून सांगितलं, आणि जन्मभर सांगत राहिली. साहेब बघत होते म्हणून गुरुजींनी त्या दिवशी मोठ्यानं, नीट, एकेका डोक्याला बोट लावून मोजलं. साहेबांसाठी त्या दिवशी एकूण एक पोर हजर होतं, आणि पट बरोबर भरला. कारण शांतीची धाकटी बहीण, जिचं शाळेत नावच नव्हतं, सुकडीच्या वासानं आली होती आणि शिट्टीला घाबरून सगळ्यांबरोबर आत पळाली होती. गुरुजींनी दारात जाऊन हात वर केला. बाई तेव्हा दुरडीपाशी होत्या. "थांबा गुरुजी," त्या म्हणाल्या, "थांबा, थांबा, खडा हाय."

"पट बरोबर हाय बाई, बसा तुमी," गुरुजी म्हणाले. हात वर होता. तिकडे चाचांनी काडी लावलीही होती.

"कमळीचा हाय," बाई म्हणाल्या आणि दारातून बाहेर पळाल्या. साहेब "ओ बाई! अहो बाई!" करत राहिले.

मी कानांत बोटं घालून, डोळे मिटून बसले होते. डोळे कशानं उघडले देव जाणे. बाई येत होत्या. बैल दिसल्यावर जशा पळायच्या तशाच, पदर लोळतोय, एका पायात चप्पल नाही, फक्त उलट्या दिशेनं. त्या मोठ्यानं रडत होत्या आणि रडतच माझं नाव घेत होत्या. लोक म्हणतात, अशा वेळी माणसाला कुठून तरी धीर येतो. बाईंना काही आला नव्हता. तेवढं घाबरलेलं तोंड मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. पलीकडे चाचा नाल्याकडे पळता पळता वळून "या अल्ला, मास्तरीण!" म्हणून ओरडले. बाईंनी मला ढिगाच्या बुडाशी दाबलं आणि अंगावर पडल्या. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं, का माझं जमिनीवर, ते कळेना.

मग ते झालं. आवाज मला आठवतच नाही. आठवते ती नाकातोंडात गेलेली धूळ आणि वरून दगड पडत राहिल्याचं धपधप. एका दगडाबरोबर बाईंचं सगळं अंग हललं आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. सगळं थांबल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला, आंधळ्या माणसानं फिरवावा तसा.

"तुजा खडा उरलता गं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. माणसं धावली, माझी आई ऊर बडवत आली, इमामचाचा कपाळावर हात मारून घेत खालीच बसले. मोठे गुरुजी सगळ्यांत शेवटी आले.  उजवा हात डाव्या हातात धरून उभे राहिले, जणू तो हात कुणा दुसऱ्याचा होता. साहेबांनी आपल्या जीपमधून बाईंना बीडला नेलं. जीपमध्ये बसवताना बाई विव्हळत होत्या, आणि मधेच थांबून शांतीला म्हणाल्या, "दुरडी बघ गं. मोकळी हाय का?" शांती पळत गेली, माझा खडा घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "आता मोकळी हाय, बाई." मग बाईंनी मान मागे टाकली. त्या सुरुंगानं विहिरीला पाणी काही लागलं नाही.

बाई परत आल्या नाहीत. खांदा भरून आला, पण हात पूर्वीसारखा वर जाईना, आणि त्यांची बदली त्यांच्याच माणसांजवळ, पाटोद्याच्या बाजूला झाली. आत्याकडे निरोप आला, त्यांची ट्रंक कुणीतरी येऊन घेऊन गेलं; खुर्चीवर राहिलेला त्यांचा खडा तेवढा शांतीनं परत दुरडीत टाकला. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. पोरांना काय सांगायचं असतं?

मधले दिवस सुरुंग बंद होते. पुन्हा काम सुरू झालं त्या दुपारी शिट्टी वाजली आणि आम्ही जीव मुठीत धरून आत पळालो. पोत्यांची थप्पी गुरुजींनी काढून टाकली होती, सगळे वर्ग आता एकच होते. थोरल्या पोरांनीही आपापले खडे आणले होते. कुणी आणायला लावले, ते आम्ही विचारलं नाही. एकेकानं आपला खडा उचलला. शेवटी दुरडीत एक राहिला. काळा, पांढऱ्या शिरेचा.

"बसा," गुरुजी म्हणाले.

कुणी बसलं नाही. मुद्दाम ठरवलं नव्हतं. गुडघे वाकेचनात. साऱ्या गोदामात आम्ही हातात खडे धरून उभे, कुणी हुंदके देतंय, कुणी भिंतीकडे बघतंय. शेवटी शांती म्हणाली, "गुरुजी, खडा उरलाय."

गुरुजी दुरडीपाशी आले, वाकून बघत राहिले. "त्या पाटोद्याला हायत गं," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. "त्या आता हितं न्हाईत."

आम्ही तरी उभेच. बाहेर चाचांनी दुसऱ्यांदा शिट्टी दिली. ते काठावर काडीपेटी घेऊन दाराकडे बघत होते. गुरुजी दारात गेले. आता हात वर करतील म्हणून मी डोळे मिटले. पण त्यांनी हात वर केला नाही. चपला सरकवून ते बाहेर पडले, आणि आम्ही दारात गर्दी करून बघत राहिलो. ते विहिरीच्या कडेनं चालत गेले. दगडांच्या ढिगाला वळसा घातला, मागच्या बाजूला वाकून नीट पाहिलं. बाभळीखाली पाहिलं. नाल्याच्या कडेला जाऊन खाली पाहिलं. चाचा काडीपेटी खिशात ठेवून, टोपी काढून उभे राहिले.

गुरुजी परत आले. तो काळा खडा त्यांनी दुरडीतून उचलून करवंटीत ठेवला, मग दारात जाऊन हात वर केला.